थायरॉईड आणि वजन: गोळी, ताट आणि व्यायाम यांतल्या या चुका टाळा

थायरॉईडची गोळी सुरू झाली की वजन आपोआप उतरेल, अशी आशा घेऊन अनेक रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडतात. दोन-तीन महिन्यांनी काटा फारसा हललेला दिसत नाही, तेव्हा काहींचा गोळीवरचा विश्वास उडतो आणि काही जण जेवण एकदम निम्म्यावर आणतात. ही निराशा टाळायची असेल तर एक हिशेब आधी नीट समजून घ्यायला हवा. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावल्यामुळे वाढणारे वजन सहसा दोन ते पाच किलो असते आणि त्यातला बराचसा भाग चरबीचा नसून अंगात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. आजार फार तीव्र असेल तर हा आकडा थोडा वाढतो. त्यामुळे ज्यांचे वजन पंधरा-वीस किलोंनी वाढले आहे, त्यांनी ते सगळे थायरॉईडच्या खात्यावर टाकले तर उरलेल्या वजनाची कारणे शोधायचीच राहून जातात. हे कुणाला बोल लावण्यासाठी सांगत नाही. या आजारातला थकवा, जडपणा आणि मरगळ खरी असते आणि त्यामुळे हालचाल कमी होणे स्वाभाविक आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हा आजार आढळला होता. तेव्हा हा प्रश्न घरोघरचा आहे.

माझ्या मते बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी गोळी नीट लागू पडली पाहिजे, मग रिपोर्ट स्थिर झाला पाहिजे, आणि त्यानंतर आहार व व्यायामाकडून फळाची अपेक्षा करावी.

सकाळचा चहा आणि गोळी

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात गोळ्यांची बाटली पुष्कळदा चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते. आधण ठेवता ठेवता गोळी तोंडात टाकायची आणि पाच मिनिटांत दुधाचा चहा व दोन बिस्किटे घ्यायची, हा अनेक घरांतला शिरस्ता आहे. या गोळीतले लेव्होथायरॉक्सिन हे औषध लहान आतड्यात शोषले जाते आणि पोटात अन्न, दूध किंवा कॉफी असेल तर त्याचे शोषण घटते. म्हणून गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, चहासुद्धा घेऊ नये. ज्यांना सकाळी हे जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच ठेवावी.

याहून मोठी चूक कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांची असते. चाळिशीनंतर बऱ्याच स्त्रियांना या दोन्ही गोळ्या लिहून दिलेल्या असतात आणि सगळ्या गोळ्या एकाच घोटात घेतल्या जातात. कॅल्शियम व लोह थायरॉईडच्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. पित्तावरच्या ॲन्टासिडलाही हाच नियम लागू आहे. बाटली ओट्याजवळच्या उष्ण-दमट जागेऐवजी कोरड्या कपाटात ठेवावी.

रिपोर्टची घाई आणि मनाने वाढवलेला डोस

हे औषध शरीरात हळूहळू साचते आणि हळूहळूच उतरते. डोस बदलल्यावर टीएसएच (ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक; ग्रंथी मंद असली की ते रक्तात वाढते) स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासून गोंधळात पडण्यात अर्थ नाही. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते थांबवावे, कारण त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो.

वजन लवकर उतरावे म्हणून आपल्या मनाने पंचवीस मायक्रोग्रॅम वाढवणे, ही या लेखातली सर्वांत धोक्याची चूक. जास्त डोसाने वजन थोडे घटतेही, पण त्यात स्नायूही झिजतात, छातीत धडधड सुरू होते, हृदयाची लय बिघडू शकते आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर ते वजन घटवण्यासाठी वापरू नये असा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो.

ताटातल्या चुका

कोबी, फ्लॉवर, मुळा कायमचे बंद करणे ही बहुधा सर्वांत प्रचलित समजूत आहे. या भाज्यांतले ग्रंथीला अडथळा करणारे घटक शिजवल्याने बरेच कमी होतात आणि शरीराला आयोडीन पुरेसे मिळत असेल तर नेहमीच्या प्रमाणातल्या शिजवलेल्या भाजीने अपाय होत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पेलाभर पिणे मात्र टाळावे. बाजरीचेही तसेच आहे: आयोडीनची कमतरता असलेल्या भागात फक्त बाजरीवरच भागणारा आहार त्रासदायक ठरू शकतो, पण हिवाळ्यातली भाकरी सोडण्याचे कारण नाही. सोयाबीन खायचे असेल तर ते गोळीच्या वेळेपासून दूर ठेवले की पुरते.

मिठाबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. आरोग्यदायी म्हणून घरातले सगळे मीठ बंद करून फक्त सैंधव वापरले तर आयोडीनचा रोजचा स्रोत जातो, कारण सैंधवात ते सहसा मिसळलेले नसते. याउलट समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर आयोडीनचा अतिरेक होतो आणि आजार बळावू शकतो. प्रौढांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. साध्या आयोडीनयुक्त मिठातून ते मिळते.

उपास हा वेगळा विषय आहे, कारण वजनासाठी म्हणून आठवड्यात दोन-तीन उपास धरणारे कितीतरी जण आहेत. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतातच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. त्यावर तूप आणि बटाटा पडला की खिचडीची एक ताटली दोन भाकऱ्या, उसळ आणि कोशिंबिरीच्या जेवणाला सहज मागे टाकते, आणि संध्याकाळी पुन्हा भूक लागते ती वेगळीच. निरंकार उपासांनी किंवा दिवसाला हजारापेक्षा कमी उष्मांकांच्या आहाराने शरीर टी-३ हे सक्रिय संप्रेरक बनवणेच कमी करते, म्हणजे ज्या मंदपणावर उपाय करायचा तोच वाढतो. त्यापेक्षा रोजच्या आहारातून चारशे-पाचशे उष्मांक कमी करावेत, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडे किंवा मासे यांपैकी काही असावे, आणि भाजी भाकरीपेक्षा जास्त वाढून घ्यावी. तंतुमय पदार्थांमुळे बद्धकोष्ठही कमी होते.

गहू सोडण्याची घाई करू नये. सेलिअॅक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार थायरॉईडच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो, पण त्याची तपासणी गहू खात असतानाच करावी लागते.

व्यायामातली घाई

टीएसएच अजून खूप वर असताना स्नायू लवकर थकतात, पेटके येतात आणि दुखणे दिवसेंदिवस रेंगाळते. अशा वेळी रथसप्तमीच्या उत्साहात पहिल्याच दिवशी १०८ सूर्यनमस्कार घालणे म्हणजे आठवडाभर अंथरूण धरणे. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत आणि रिपोर्ट सुधारत जाईल तसे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचावे. छातीत दुखणे, धाप किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

फक्त चालण्यावर थांबणे ही पुढची चूक. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असे ताकदीचे व्यायाम केले नाहीत तर कमी खाण्याने स्नायूच आधी घटतात. सर्वांगासनाने थायरॉईड बरा होतो याला पुरावा नाही, आणि मानेचे दुखणे किंवा रक्तदाब असलेल्यांनी ते करूच नये.

टीएसएच ठीक असूनही काटा हलत नसेल तर

तीन महिने हे सगळे नियमित करूनही फरक पडत नसेल तर डोस वाढवून मागण्याआधी इतर कारणे तपासून घ्यावीत: घोरणे व झोपेत श्वास अडकणे, पीसीओएस (स्त्रियांमधला अंडाशय व संप्रेरकांचा बिघाड), रजोनिवृत्ती, मधुमेह, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांवरची औषधे. दोन-तीन दिवस खाल्लेले सगळे, चहातल्या साखरेसह आणि फरसाणाच्या मुठीसह, वहीत लिहून ती वही डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवावी. काट्याबरोबर कंबरेचे मापही महिन्यातून एकदा टेपने घ्यावे, कारण ताकदीच्या व्यायामाने पुष्कळदा वजनाआधी कंबर कमी होते.