सरकारी कार्यालयाच्या अंतर्गत समितीवर वकिलाने काम कसे करावे

सरकारी कार्यालयातील लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीला कर्मचारी आजही विशाखा समितीच म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने घालून दिलेल्या या व्यवस्थेला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने वैधानिक रूप दिले आणि समितीवर एक सदस्य बाहेरचा असलाच पाहिजे, असे ठरवले. कामगार, सेवाविषयक, दिवाणी किंवा फौजदारी कायद्याची माहिती असलेली व्यक्ती त्या जागी नेमता येते, म्हणून हे नेमणुकीचे पत्र अनेकदा वकिलाच्या हाती येते. ते स्वीकारणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, ती म्हणजे इथे आपल्याला पक्षकार नाही. तक्रारदार महिला, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कर्मचारी (म्हणजे सामनेवाला) आणि नेमणूक करणारा कार्यालयप्रमुख या तिघांपैकी कोणाचीही बाजू मांडण्यासाठी आपण तिथे गेलेलो नसतो.

त्यामुळे होकार कळवण्यापूर्वी आपले हितसंबंध तपासावेत. त्याच विभागाची प्रकरणे आपण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, चालवत असू, किंवा तक्रारदार व सामनेवाला यांपैकी कोणाचे कधीकाळी वकीलपत्र घेतले असेल, तर नकार द्यावा. निदान ती गोष्ट लेखी कळवून तिची प्रत नस्तीत (प्रकरणाच्या फाइलमध्ये) लावून घ्यावी. समितीची रचनाही त्याच वेळी पाहावी. अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी आहे का, किमान निम्म्या सदस्य महिला आहेत का आणि तीन वर्षांची कमाल मुदत उलटून गेलेली नाही ना, हे आदेश वाचूनच कळते. चुकीच्या रचनेच्या समितीने केलेले चांगले कामही पुढे आव्हानात अडकते.

तक्रार हाती आल्यावर ती दोनदा वाचावी, एकदा मुदतीसाठी आणि एकदा मजकुरासाठी. घटना घडल्यापासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत तक्रार यावी लागते. उशिराचे कारण पटले तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते कारण लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. मजकुराबाबत अडचण वेगळी असते. ‘साहेब नेहमी गैरवर्तन करतात’ एवढ्या वाक्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही आणि ते सिद्धही करता येत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या दालनात, काय बोलले किंवा केले गेले, त्या वेळी आसपास कोण होते, हे तक्रारदाराच्याच शब्दांत तिच्याकडून लिहून घ्यावे. लिहिणे शक्य नसेल तर तिला मदत करणे हे समितीचे कर्तव्यच आहे. मात्र मदत करताना वकिलाची भाषा तिच्या तोंडी घालू नये, कारण उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.

पहिल्याच बैठकीत दोन कामे उरकावीत. कार्यालयातील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते, तसेच हजेरीपट, हालचाल नोंदवही आणि आवक-जावक नोंदवही जपून ठेवण्याचे पत्र त्याच दिवशी काढावे. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत, तेव्हा विनवण्या करण्याचे कारण नाही. दुसरे काम म्हणजे तक्रारदाराला अंतरिम संरक्षण हवे आहे का, हे विचारणे. तिच्या लेखी विनंतीवरून दोघांपैकी कोणाच्याही बदलीची किंवा तिच्यासाठी तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची शिफारस करता येते. तिनेच दुसऱ्या टेबलावर जावे, असे कार्यालयाने परस्पर ठरवले असेल तर वकिलाने स्पष्ट विरोध नोंदवावा. तडजोडीचा प्रस्तावही तिच्याकडूनच यायला हवा आणि पैशांच्या आधारावर तडजोड करता येत नाही.

तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत सामनेवाल्याला पाठवावी लागते आणि त्याला उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. पुढची चौकशी त्याला लागू असलेल्या सेवानियमांप्रमाणे चालते, म्हणून कोणते नियम लागू आहेत ते आधी ठरवावे: राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला १९७९ चे शिस्त व अपील नियम, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला १९६४ चे स्वतंत्र नियम. चौकशीच्या कोणत्याही टप्प्यावर कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत बाजू मांडता येत नाही. खोलीत कायदा जाणणारे बहुधा आपण एकटेच असतो आणि त्याचा भार आपल्यावरच येतो.

तो भार सर्वाधिक जाणवतो रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक सुनावणीच्या कामकाजाच्या नोंदीत. प्रत्येक सुनावणीचा रोजनामा त्याच दिवशी, हजर असलेल्या सर्वांच्या सह्यांनिशी पूर्ण व्हावा. ‘सुनावणी घेण्यात आली’ ही नोंद निरुपयोगी असते. ‘तक्रारदार व सामनेवाला हजर. साक्षीदार क्र. २ ची सरतपासणी पूर्ण. सामनेवाल्याने प्रकृतीच्या कारणास्तव उलटतपासणीसाठी मुदत मागितली, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले. मुदत मंजूर, पुढील तारीख दोघांना समक्ष कळवली’ अशी नोंद असली की काही वर्षांनी न्यायाधिकरणासमोरही तो दिवस जसाच्या तसा उभा राहतो. सामनेवाल्याला समोर पाहून तक्रारदाराला बोलणे अवघड होत असेल, तर त्याला दुसऱ्या खोलीत बसवून तिचा जबाब ऐकवावा किंवा त्याचे प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांमार्फत विचारावेत. उलटतपासणीच नाकारणे हा उपाय नव्हे. तिच्या चारित्र्याविषयीचे प्रश्न मात्र तिथल्या तिथे थांबवावेत आणि थांबवल्याचे कारणही लिहावे.

घाई काय करते, ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने मे महिन्यात पाठोपाठ सुनावण्या लावल्या, त्याने मागितलेला वेळ नाकारला आणि चौकशी एकतर्फी पूर्ण केली. त्यावरून झालेली बडतर्फी मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवली होती. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि चौकशी ५ मे २००९ च्या टप्प्यावर परत पाठवली. चौदा वर्षांनी त्या मुलींची तक्रार पुन्हा मधल्याच पायरीवर आली. न्याय मिळवून द्यायचा म्हणून धावणाऱ्या समितीने त्यांचेच सर्वाधिक नुकसान केले, हे मला फार गंभीर वाटते. कायद्याने चौकशीला नव्वद दिवस दिले आहेत. तारखांचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात आखले तर एवढ्या अवधीत दोघांनाही पुरेशी संधी देता येते. लागोपाठ तीन सुनावण्यांना कोणी सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर एकतर्फी निर्णय घेता येतो, परंतु त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते.

पुरावा तोलताना फौजदारी खटल्याचे माप लावू नये. इथे संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहायचे असते. अशी कृत्ये साक्षीदारांसमोर क्वचितच होतात, त्यामुळे एकट्या तक्रारदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती पुरते. ती का विश्वासार्ह वाटली, हे अहवालात प्रसंगागणिक लिहावे. घटनेनंतर तिने त्याच संध्याकाळी सहकारी महिलेला केलेला फोन, दुसऱ्या दिवसाचा रजेचा अर्ज, हालचाल नोंदवहीत सामनेवाल्याने नोंदवलेली वेळ, या बारीक गोष्टी एकमेकींशी जुळतात की नाही, यावर बराच निष्कर्ष ठरतो.

निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन त्यांचे म्हणणे मागवावे आणि मगच अहवाल अंतिम करावा. पुण्याच्या मेधा कोटवाल लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा, असे सांगितले आहे. म्हणून त्याच आरोपांवर पुन्हा विभागीय चौकशी लावण्याचा प्रस्ताव आला तर वकिलाने तो निकाल दाखवावा. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी होती असे लिहू नये. दुष्ट हेतू हा स्वतंत्र चौकशीनेच सिद्ध करावा लागतो.

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल कार्यालयप्रमुखाकडे जातो आणि त्याने साठ दिवसांत शिफारशींवर कारवाई करायची असते. ही शेवटची तारीख अहवालासोबतच्या पत्रातच लिहावी. दोघांची नावे, साक्षी आणि शिफारशी माहितीच्या अधिकारातही उघड करता येत नाहीत, तेव्हा नस्ती मोहोरबंद पाकिटात, पृष्ठ क्रमांक घालून, पोच घेऊन अध्यक्षांच्या ताब्यात द्यावी आणि भ्रमणध्वनीवर आलेल्या प्रती पुसून टाकाव्यात.