जांघेचे स्नायू बळकट कसे करावेत

बाजूला गेलेला पाय पुन्हा मध्याकडे ओढतात ते मांडीच्या आतल्या बाजूचे पाच स्नायू. ते कमरेच्या हाडाच्या पुढच्या-खालच्या भागातून निघतात. चार मांडीच्या हाडाला जोडलेले असतात. पाचवा, ग्रॅसिलिस, गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला आतून जोडला जातो. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये झटकन दिशा बदलताना ताणलेल्या स्नायूवरच जोर येतो आणि जांघ भरते.

सुरुवात चेंडूने करा. उताणे झोपून गुडघे वाकवा, मध्ये फुटबॉल धरून 5 सेकंद दाबा, सोडा. असं 10 वेळा. श्वास रोखू नका.

हे न दुखता जमलं की कोपनहेगन व्यायाम घ्या. कुशीवर झोपून खालच्या हाताच्या कोपरावर भार द्या. वरच्या पायाचा गुडघा बाकावर टेकवा. आता तोच पाय बाकावर दाबत कंबर उचला, खालचा पाय त्याच्याजवळ आणा आणि 3 सेकंद मोजत सावकाश खाली या. खरं काम या उतरण्यातच होतं, म्हणून धपकन खाली येऊ नका. दोन्ही बाजूंनी 6-6 वेळा, आठवड्यातून दोनदा पुरे. घोटा बाकावर ठेवून करणं बरंच अवघड; ती पायरी नंतरची.

कंबर मागे झुकली तर पोट ढिलं पडलंय. दुसऱ्या दिवशी मांडी जड वाटणं ठीक, पण जांघेच्या हाडाजवळ टोचत असेल तर थांबा. खोकताना तिथे फुगवटा दिसला तर हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.