‘ओरोसला दाखवा’ म्हणून थांबू नका: जीव नकोसा झालेल्या माणसाला उपचारांपर्यंत कसं न्यावं

आधी तातडीचं. समोरच्याने स्वतःला काही करून घेतलंय किंवा आत्ता करेल अशी शंका आली, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. लेख नंतर वाचा. असे विचार तुमच्याच मनात येत असतील, तर १४४१६ लावा. ही टेली मानस नावाची, मनाच्या त्रासासाठी फोनवरून मदत देणारी सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. रेंजच नसेल तर शेजारचं दार वाजवा; अपरात्री वाजवलं म्हणून कुणी रागावणार नाही.

आता सवडीने करायच्या गोष्टी. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक प्रश्न पहिले आणि आजारपण दुसरं. घरातल्यांना आणि दवाखान्याला यातली बरीच माणसं आधीपासून दिसत असणार. घोटाळा होतो तो मधल्या वाटेवर. आपल्या कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणतात, “ओरोसला मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा,” आणि तिथल्या सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी देतात. चिठ्ठी खिशात राहते, गाडी चुकते, दुसऱ्या दिवशी काजू वेचायला जायचं असतं. पुढे त्या माणसाचं काय झालं हे डॉक्टरांना कळत नाही, आशाताईंना कळत नाही आणि मुंबईतल्या मुलाला तर मुळीच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही मधली वाट पार करण्यासाठी आहेत.

१. कोण, कधी, हे ओळखा

आपल्याकडे ताणाचे दिवस कॅलेंडरवर दाखवता येतात. मोहर गळाला आणि फवारणीची उधारी डोक्यावर आहे, असा मे महिना. जून-जुलैची मासेमारी बंदी, तेव्हा होडी किनाऱ्यावर असते आणि हप्ता मात्र चालू असतो. आणि गणपतीनंतरचा पंधरवडा. पाच-सात दिवस घर भरलेलं असतं, चाकरमानी परततात आणि मागे दोन म्हातारी माणसं, नाहीतर एकच. हा पंधरवडा कुणाच्याच लक्षात राहत नाही.

माणसात बदल दिसतो तो असा: झोप उडते, जेवण सुटतं, भजनाला येणं बंद होतं, दारू वाढते. कुणी अचानक हिशेब मिटवतं, गुरं दुसऱ्याच्या हवाली करतं, “माझ्यामागे हिचं बघा” म्हणतं. मालवणीत “देवान उचलल्यान तर बरां” हे कितीतरी म्हातारी माणसं सहज बोलतात, ते प्रत्येक वेळी गंभीर असतंच असं नाही. पण कधी नव्हे तो माणूस बोलू लागला, किंवा रोज बोलणारा एकदम गप्प झाला, तर पुढची पायरी गाठा. बाळंतपणानंतर कोमेजलेली सून, नुकताच मोठा आजार कळलेला माणूस आणि आधी एकदा प्रयत्न केलेला माणूस, या तिघांकडे जरा जास्तच लक्ष हवं.

२. सरळ विचारा

विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घुसेल, ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते आणि ती चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. शब्द साधे ठेवा. पडवीत दोघंच बसलेले असताना, टीव्ही बंद करून:

“काका, एवढं सगळं सोसताय. अशा वेळी माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. तुमच्या येतात का?”

मग गप्प राहा. ही शांतता फार अवघड असते आणि आपण ती काहीतरी बोलून मोडतो. मोडू नका. उत्तर ‘हो’ आलं तर विचारा: काही ठरवलंय का? कधी? “पोरांचा तरी विचार करा” असं म्हणू नका. पोरांवर आपला भार आहे असंच त्यांना आधीपासून वाटत असतं. “कुणाला सांगणार नाही” असं वचनही देऊ नका. “चारचौघांत बोलणार नाही, पण तुमच्यासाठी एका-दोघांना सोबत घेईन” एवढं म्हणा आणि तेवढंच पाळा.

३. घर सुरक्षित करा, त्याच दिवशी

जीव देण्याची ऊर्मी बरेचदा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. बागेची औषधं घराच्या पडवीतून हलवा, कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा. हंगाम नसेल तर उरलेली औषधं शेजारच्या बागायतदाराच्या गोदामात जाऊ द्या. घरातल्या गोळ्या एकाने स्वतःकडे घेऊन रोजच्या रोज द्याव्यात. आणखी कशाची धास्ती वाटते ते त्या माणसालाच विचारा, तो सांगतो. हे त्याच्या नकळत, पोलिसी पद्धतीने करू नका. “चार दिवस माझ्याकडे राहू दे” म्हणून करा.

४. सुरुवात जवळच्या केंद्रातून

मानसोपचार म्हटलं की घरातले हबकतात. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. त्याचं नाव चेष्टेत घेतलं जातं आणि त्या चेष्टेने नुकसानच केलंय. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. गेलेला प्रत्येक जण भरती होत नाही, बहुतेक जण गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येतात. पण सगळ्यांना थेट तिथे न्यायची गरज नसते.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आशाताई यांच्यापासून सुरू करा. बीपी-शुगरच्या तपासणीला गेलं तर वाडीत चर्चाही होत नाही. तिथे फक्त “झोप नाही, छातीत धडधडतं, पित्त होतं” एवढं सांगून परतू नका, कारण मग झोपेची आणि पित्ताची गोळी मिळते. मनात येणारे विचार सांगा. रुग्णाला जमत नसेल तर सोबत्याने त्याची परवानगी घेऊन सांगावं. दारू असेल तर तीही सांगा. मधुमेह, जुनं दुखणं, दारू आणि नैराश्य एकमेकांना पोसतात. एकाचा उपचार करून दुसरं सोडलं तर दोन्ही बिघडतात.

हे नुसतं बोलणं नाही. शेजारच्या गोव्यात मानसोपचार तज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक दवाखान्यांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक बसवले. दवाखान्यातला डॉक्टर, हा समुपदेशक आणि गरज पडेल तेव्हा मानसोपचार तज्ज्ञ, असे तिघे मिळून रुग्ण सांभाळायचे. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत नैराश्य आणि चिंतेतून बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पुढच्या विश्लेषणात तिथल्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे बेत आणि प्रयत्नही कमी दिसले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. मला वाटतं, तिथला घरचा डॉक्टर आधीच ओळखीचा असतो, विचारपूस करतो, आणि तेवढ्यानेच अर्धं काम झालेलं असतं.

देवाला कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं हे घरचे करणारच. त्यावरून भांडू नका, भांडलात तर दवाखाना राहून जाईल. एवढीच अट घाला की गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि मारहाण, उपास, बांधून ठेवणं असल्या उपायांना सरळ नकार द्यायचा.

५. पाठवू नका, घेऊन जा

अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथल्या जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. निघण्याआधी फोन करून मानसोपचार ओपीडीचा वार विचारा, आणि पथक जवळच्या ग्रामीण रुग्णालयात येतं का तेही. मग ठरवा: पहाटेची कोणती एसटी, सोबत कोण, परतीची गाडी कधीची, त्या दिवशी गुरांना चारा कोण घालणार. चारा हे कारण हसण्यासारखं वाटेल, पण फेऱ्या चुकतात त्या अशाच कारणांनी. जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. डॉक्टरांकडून प्राथमिक केंद्राच्या नावे चिठ्ठी मागून घ्या. गोळ्यांची नावं आणि पुढची तारीख त्यावर हवी. परतल्यावर ती आशाताईंच्या हाती पोचली पाहिजे.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीचे दिवस जपण्याचे असतात. “काही फरक नाही” म्हणून किंवा “आता बरं वाटतंय” म्हणून मनाने बंद करू नका.

पोलिसांची भीती घालून कुणी प्रयत्नाची गोष्ट लपवायला सांगेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. उलट काही सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला किंवा शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. डॉक्टरांना खरं सांगा.

६. एक कागद लिहून ठेवा

माणूस जरा शांत असेल तेव्हा, त्याच्याच शब्दांत. एका बागायतदाराचा कागद असा असू शकेल:

“रात्री दोनला जाग येऊन कर्जाचे आकडे दिसू लागले की समजायचं, सुरू झालं. उठून तोंड धुवायचं, रेडिओ लावायचा. बंदरावर जाळं विणणाऱ्यांत जाऊन बसायचं. जमलं नाही तर धाकट्या भावाला फोन, मग वयनीला. मग १४४१६. मग १०८. औषधाची किल्ली भावाकडे.”

नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. एक प्रत पाकिटात, एक सोबत्याकडे, एक फोटो मुंबईत.

७. नंतरही संपर्क सोडू नका

रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत प्रयत्नानंतर वाचलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय एकदा समजावून सांगणं आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन किंवा भेट एवढंच जास्त मिळालं. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू स्पष्टपणे कमी होते (२००८).

तेव्हा फोनचे वार वाटून घ्या: सोमवारी मुलगी, गुरुवारी पुतण्या, रविवारी शेजारचे काका. “गोळी घेतली का?” हा पहिला प्रश्न नको, आधी पाऊस, मासळी, गाय व्याली का ते. एखादा वार चुकला तर पुढच्याने तो भरून काढावा. पावसाळ्यात घाटात दरड येते, पऱ्याला पाणी चढतं, म्हणून मेअखेर डॉक्टरांना विचारून गोळ्यांची सोय आधीच लावा. साठा मात्र सोबत्याच्या घरी. आणि गणपती उरकून निघताना तो कागद एकदा काढा, कारण वर्षभरात कुणीतरी सिमकार्ड बदललेलं असतंच.