एरॉसचा परिवलनकाल स्वतः कसा मोजावा

433 एरॉस हा लघुग्रह बर्लिनच्या गुस्ताव विट यांनी 13 ऑगस्ट 1898 रोजी शोधला, आणि त्याचे तेज काही तासांतच कमीजास्त होते, हे 1901 मध्ये लक्षात आले. सुमारे 34 किलोमीटर लांब आणि 11 किलोमीटर रुंद असा हा खडक फिरताना कधी लांब बाजू, तर कधी टोक आपल्याकडे करतो. त्यामुळे एका परिवलनात, म्हणजे स्वतःभोवतीच्या एका फेरीत, त्याचे तेज दोनदा वाढते आणि दोनदा घटते.

एरॉस प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला, असताना नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेतून त्याचे स्थान व अंतर काढावे. दुर्बिणीला कॅमेरा जोडून, किमान सहा तास, दर दोन-तीन मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे आणि संगणकाचे घड्याळ आधी इंटरनेटवरून जुळवून घ्यावे. एक्सपोजर इतकेच ठेवावे की लघुग्रहाची रेघ उमटणार नाही. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) व फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) फ्रेमने छायाचित्रे शुद्ध केल्यावर त्याच चौकटीतील तीन-चार स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी एरॉसच्या तेजाची तुलना करावी. विरळ ढग आला तरी तो सगळ्यांनाच सारखा झाकत असल्याने त्यांच्या तेजातला फरक बराचसा टिकतो. प्रत्येक वेळेतून प्रकाशाचा प्रवासकाळ, म्हणजे एका खगोलीय एककामागे (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतरामागे) 8 मिनिटे 19 सेकंद, वजा करावा आणि वेळेनुसार तेजाचा आलेख काढावा.

खरी फसगत आलेख वाचताना होते. लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे परिवलनकाल नव्हे. ते त्याच्या निम्मे असते. शिवाय एरॉसची साडेचार परिवलने 23 तास 43 मिनिटांत पुरी होत असल्याने दुसऱ्या रात्री जवळपास तोच आलेख सुमारे 17 मिनिटे आधी दिसतो, पण तेव्हा समोर असते उलटी बाजू. म्हणून तुटक निरीक्षणांपेक्षा एक सलग रात्र माझ्या मते अधिक मोलाची. दोन शिखरांच्या किंवा दोन दऱ्यांच्या उंचीतला किंचित फरक तिच्यातच ओळखू येतो.

उत्तर 5 तास 16 मिनिटांच्या आसपास यायला हवे. फेब्रुवारी 2000 मध्ये एरॉसभोवती कक्षेत शिरलेल्या आणि 12 फेब्रुवारी 2001 रोजी त्यावर उतरलेल्या नासाच्या निअर शूमेकर यानाच्या निरीक्षणांतूनही हाच काळ मिळाला. आलेख अगदी सपाट आला, तर लगेच उपकरणाला दोष देऊ नये: एरॉसचा अक्ष त्याच्या कक्षेच्या प्रतलात जवळजवळ आडवा असल्याने काही वेळा त्याचा ध्रुवच आपल्याकडे असतो, आणि तेव्हा काही महिने थांबणे हाच उपाय.