कार्पेटखालचा ओक: जुनी लाकडी जमीन घरच्या घरी घासून नवी करताना

न्यू जर्सी, मिशिगन किंवा शिकागोच्या आसपास 1960 च्या आधी बांधलेलं घर घेतलं असेल, तर कपाटाच्या कोपऱ्यातलं कार्पेट पकडीने धरून वीतभर उचलून बघावं. खाली बऱ्याचदा सव्वादोन इंच रुंदीच्या ओकच्या पट्ट्या निघतात. काळपट पडलेल्या, स्टेपलांनी भरलेल्या, कडेला भिंतीच्या रंगाचे थेंब सांडलेल्या, पण शाबूत. पाऊण इंच जाडीची ही पट्टी सहजासहजी मरत नाही. तिचा जीव जातो तो बहुधा भाड्याने आणलेल्या घासायच्या मशिनखाली, आणि तोही पहिल्या दहा मिनिटांत.

जाडी पाऊण इंच असली तरी ती सगळी आपली नसते. पट्ट्या जीभ आणि खाच अशा एकमेकींत बसवलेल्या असतात आणि जिभेच्या वरचं जेमतेम पाव इंच लाकूडच घासता येतं. सराईत हाताने केलेल्या एका पूर्ण घासणीत त्यातलं साधारण 1/32 इंच जातं, नवख्या हाताने त्याच्या दुप्पटही. खात्यात मोजके पैसे आहेत आणि नवा भरणा होणार नाही, असं समजूनच पुढचं सगळं करायचं.

मशिन आणण्याआधी

जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीचं झाकण उचला. तिथे पट्टीची कापलेली कड दिसते. खाचेच्या वर किती लाकूड उरलंय ते मोजपट्टीने मोजा. 1/8 इंचापेक्षा कमी असेल, किंवा पट्ट्यांच्या कडेने खिळ्यांची डोकी डोकावायला लागली असतील, तर ड्रम सँडरचा, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर घासकागद लावलेल्या मशिनचा, विचार सोडून द्या. काही जुन्या घरांत जीभ-खाच नसलेल्या, फक्त 5/16 इंच जाडीच्या आणि वरूनच खिळे मारलेल्या पट्ट्या असतात. त्यांनाही तोच नियम.

मग पाण्याचे चार थेंब टाका. पाच मिनिटं मोत्यासारखे उभे राहिले तर वरचं फिनिश अजून धडधाकट आहे. नुसते ओरखडे असतील तर पूर्ण घासण्याची गरजच नाही: बफरला (जमिनीवर गोल चकती फिरवणाऱ्या यंत्राला) 120 नंबरची घासायची जाळी लावून वरची चकाकी मोडायची (नंबर जितका मोठा तितकी घासणी बारीक), धूळ टिपायची आणि पॉलियुरेथेनचा, म्हणजे पॉलीचा, एक हात मारायचा. एका दिवसाचं काम, आणि लाकूड खर्चच होत नाही. थेंब मुरून लाकूड काळवंडलं, तर मात्र घासावं लागेल.

या स्वस्त उपायाला एकच अडचण, ती मेणाची. मिनरल स्पिरिट्समध्ये (तेलाचा रंग पातळ करायच्या द्रवात) पांढरं फडकं बुडवून कोपऱ्यात चोळा. फडक्यावर पिवळट-तपकिरी चिकटा आला तर जमिनीवर मेण आहे आणि त्यावर पॉली धरणार नाही, पापुद्र्यासारखं निघून येईल. देवघरापाशी समईच्या तेलाचं वर्तुळ असेल तर तिथेही हेच होतं. तेल वरून पुसलं तरी पट्ट्यांच्या सांध्यात मुरलेलं असतं. तो भाग स्पिरिट्सने दोन-तीनदा, दर वेळी नवं फडकं घेऊन पुसावा.

दोन गोष्टींत घाई नको. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात जमिनीवरचा रंग किंवा वॉर्निश तपासून घेतल्याशिवाय मशिन लावू नका. आणि कार्पेटखाली 9 इंची चौकोनी टाइल किंवा काळा डांबरी गोंद निघाला तर त्यात अॅसबेस्टॉस असू शकतं. ते खरवडायचं नाही, घासायचंही नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर काय ते ठरवायचं.

डाग आणि पट्टी बदलणं

कुंडीखालचं काळं वर्तुळ, रेडिएटरपाशी पडलेला काळा ओघळ, हे डाग लोखंड, पाणी आणि ओकमधलं टॅनिन यांच्या मेळाने पडतात. घासून जात नाहीत, कारण खोल गेलेले असतात. वरचं फिनिश काढून ऑक्झॅलिक अॅसिडचं गरम पाण्यातलं द्रावण लावलं की बरेचसे उतरतात. हे विषारी आहे. हातमोजे आणि गॉगल हवेतच, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. पांढरे कण तसेच राहिले आणि वर मशिन फिरवलं तर ते नाकाघशात जातात. कुत्र्या-मांजराच्या मुताचा जुना डाग मात्र सहसा जात नाही. त्या पट्ट्या बदलणंच बरं.

बदलायच्या आधी ओक तांबडा की पांढरा ते ओळखा. काढलेल्या पट्टीचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापा, त्याचं एक टोक पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. बुडबुडे आले तर तांबडा. त्याच्या नळ्या उघड्या असतात, पांढऱ्याच्या आतून बंद झालेल्या. शंभर वर्षांच्या ओकच्या आरपार फुंकर जाते हे एकदा बघण्यासारखं आहे.

नवी पट्टी दुकानातून आणून त्याच दिवशी ठोकू नका. गठ्ठा सोडून त्याच खोलीत, घरातलं हीटिंग किंवा एसी रोजच्यासारखं चालू ठेवून, काही दिवस पसरून ठेवा. ओलावा मोजायचं मीटर जुन्या आणि नव्या लाकडाला जवळपास सारखाच आकडा दाखवेल तेव्हा हात लावा. ओली पट्टी बसवली तर पहिल्याच हिवाळ्यात ती आक्रसते आणि दोन्ही बाजूंना फट पडते.

जुनी काढताना सर्क्युलर सॉची खोली बरोबर पाऊण इंचावर ठेवा. पट्टीच्या मध्यातून लांबीच्या दिशेने दोन समांतर काप घ्या, मधली चीप पटाशीने उचला, मग दोन्ही कडा आत ओढून काढा. शेजारच्या पट्टीची जीभ तुटता कामा नये. टोकांचे सांधे एका रेषेत आणू नका, शेजारच्या ओळीतल्या सांध्यापासून निदान 6 इंच सरकवा. खिळा जिभेवरून 45 अंशात, दर 8 ते 10 इंचांवर, टोकापासून दोनेक इंच आत. आधी बारीक भोक पाडलं नाही तर ओक चिरतो. शेवटची पट्टी आत सरकवायला जागाच नसते, म्हणून तिच्या खाचेचा खालचा ओठ पटाशीने उडवायचा, खाली गोंद लावायचा, वरून दाबून बसवायची आणि दोन्ही टोकांना बारीक डोक्याचे खिळे मारायचे.

एक सावधगिरीची गोष्ट. हिवाळ्यात सगळ्याच पट्ट्यांमध्ये नाण्याच्या कडेइतकी फट दिसते. तिच्यात पुट्टी भरू नका. जुलैत पट्ट्या फुगतात, पुट्टी चिरडून बाहेर येते. पुट्टी फक्त खिळ्यांच्या भोकांना आणि तुटक्या कडांना.

घासणी

खोली पूर्ण रिकामी करा, पडदेसुद्धा काढा. बेसबोर्डच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या फळीच्या, पायाशी असलेली गोल पट्टी चपट्या कांबेने काढून तिच्या पाठीवर क्रमांक लिहा. हीटिंगच्या जाळ्या टेपने बंद करा, दाराला प्लास्टिक लावा. मग गुडघ्यांवर बसून एकेक स्टेपल पकडीने काढा आणि वर आलेला प्रत्येक खिळा पंचाने 1/8 इंच आत घाला. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळायचा मोह सगळ्यांना होतो. पण एक राहिलेलं स्टेपल कागद फाडतं, आणि धातूवर घासून उडालेली ठिणगी धुळीच्या पिशवीत गेली तर आग लागते.

12 बाय 15 फुटांची, म्हणजे 180 चौरस फुटांची खोली धरू. 8 इंची ड्रम सँडर, कडेसाठी एजर आणि शेवटी बफर अशी तीन यंत्रं लागतात. कागद 36, 60 आणि 100 नंबरचे, ड्रमसाठी प्रत्येकी तीन आणि एजरसाठी प्रत्येकी पाच-सहा. न वापरलेले बहुतेक दुकानं परत घेतात, त्यामुळे जास्तच आणावेत. बोथट झालेला कागद लाकूड कापत नाही, तापवून भाजतो. आयुष्यात पहिल्यांदाच करत असाल तर ड्रमऐवजी कंप पावणारं ऑर्बिटल सँडर घ्या. वेळ दुप्पट लागतो, पण त्याने खड्डा पडत नाही.

ड्रमचा नियम एकच आहे: फिरता ड्रम जमिनीवर टेकलेला असताना मशिन थांबलेलं नसावं. पहिल्यांदा दांडा धरला की मशिन पुढे ओढत नेतं, माणूस बिचकून थबकतो, आणि त्या एका क्षणात पट्टीवर बशीसारखा खळगा पडतो. हाताला लागत नाही, पण पॉली मारल्यावर खिडकीच्या उजेडात आयुष्यभर दिसतो. म्हणून आधी चालायला लागा, मग ड्रम हळूच टेकवा. थांबायच्या आधी उचला, मग थांबा. विमान धावपट्टीवर उतरतं आणि उडतं, तसं. तोच पट्टा मागे येत पुन्हा घ्यायचा आणि मग दोन-तीन इंच बाजूला सरकायचं.

दिशा पट्ट्यांच्या लांबीची. पट्ट्या आडव्या वाकून कडा वर आल्या असतील तरच पहिली फेरी किंचित तिरकी, 10 ते 15 अंशात. खोलीचा दोन-तृतीयांश भाग एका बाजूला तोंड करून घासा, उरलेला उलट फिरून. सांधण्याची जागा दर पट्ट्याला फूटभर मागेपुढे ठेवा, नाहीतर खोलीच्या मधोमध आडवी रेघ उमटते.

जुनं वॉर्निश 60 नंबरने निघत असेल तर 36 लावूच नका. 36 ने सुरुवात केली तर थेट 100 वर उडी मारू नका. 36 चे ओरखडे 100 ला पुसता येत नाहीत, तो फक्त त्यांना चकचकीत करतो. प्रत्येक नंबरनंतर एजरने तोच नंबर कडेला, मग व्हॅक्यूम. आधीच्या कागदाचा सुटलेला एक खडा पुढच्या कागदाखाली सापडला तर खोलीभर रेघ ओढत नेतो. एजर हलक्या हाताने चालवा. दाबलं की चंद्रकोरी उमटतात आणि त्या काढायला जास्त लाकूड जातं. कोपरे हाताने, धार लावलेल्या स्क्रेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने.

घासलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. नवा नंबर लावायच्या आधी जमिनीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारा. रेघा पूर्ण गेल्या म्हणजे सगळीकडे कागद पोचला. शेवटी खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला जवळजवळ आडवा धरा, राहिलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. बफरवर 100 किंवा 120 ची जाळी लावून ड्रम आणि एजरची शीव मोडली की थांबा. त्याहून बारीक घासू नका, लाकूड गुळगुळीत होऊन रंग घेत नाही.

धुळीची पिशवी अर्धी भरली की बाहेर नेऊन धातूच्या डब्यात रिकामी करा. रात्रभर मशिनला लटकवून ठेवू नका. भुसा आणि जुनं वॉर्निश यांचं मिश्रण आतल्या आत तापून पेटू शकतं.

पॉलीचे हात

आपल्याकडचे पॉलिशवाले ज्याला पीयू म्हणतात तेच हे. दोन जाती. तेलाच्या पॉलीने लाकडाला मधासारखी पिवळसर झाक येते, पण वास दोन-चार दिवस जात नाही आणि एक हात वाळायला रात्र जाते. पाण्याचं पॉली लाकडाचा रंग तसाच ठेवतं, दोन ते चार तासांत वाळतं, मात्र हात तीन ते चार लागतात. लहान मुलं असलेल्या घरात पाण्याचंच घ्या. लाकडाला रंग द्यायचा मोह पहिल्या खोलीत तरी टाळा. रंगामुळे एजरची प्रत्येक चंद्रकोर उठून दिसते.

गॅलनभर पॉली एका हाताला साधारण 500 चौरस फूट पुरतं. आपल्या 180 फुटांच्या खोलीचे तीन हात म्हणजे 540, तेव्हा एक गॅलन आणि वर एक क्वार्ट (पाव गॅलन). पाच-सात पट्ट्या घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत एका ओढीत जा आणि दाराकडे मागे सरका. ओली कड वाळू देऊ नका. मागे राहिलेला ठिपका दिसला तरी दहा मिनिटांनी ब्रश घेऊन जाऊ नका. सुटलेला ठिपका पुढच्या हातात भरून निघतो, अर्धवट वाळलेल्या थरावर ओढलेला ब्रशचा व्रण निघत नाही. डबा हलवायचा नाही, काठीने ढवळायचा, नाहीतर बुडबुडे वाळून राहतात. पॉली लावताना पंखा बंद, वरचा थर बसल्यावर चालू. पाण्याच्या पॉलीच्या पहिल्या हाताने लाकडाचे केस उभे राहतात. 220 नंबरने हलकेच मारून, धूळ टिपून दुसरा हात द्या.

तेलाचं पॉली वापरलं तर गॅसच्या हीटरची पायलट ज्योत आधी विझवा. आणि वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

चोवीस तासांनी फक्त मोजे घालून चाला. फर्निचर तीन-चार दिवसांनी, आणि ओढत नाही, उचलून. सतरंजी किंवा गालिचा पाण्याच्या पॉलीवर दोन आठवडे आणि तेलाच्या पॉलीवर महिनाभर अंथरू नका, खालचा थर श्वास कोंडून मऊच राहतो.

या जमिनीवर बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायची सवय मोडावी लागते. वाफेचा मॉपही नको. पिळून काढलेलं ओलसर फडकं पुरे. खुर्च्यांच्या आणि पाटांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा, आणि समईखाली ताटली, तिच्याखाली जाड कापड.