स्टराइल वॉटरची पिशवी सलाइनच्या रॅकवर ठेवू नका

स्टराइल वॉटरची, म्हणजे निर्जंतुक पाण्याची, एक लिटरची पिशवी आणि नॉर्मल सलाइनची पिशवी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारख्याच नितळ, सारख्याच फुगीर, आणि आयव्ही सेट दोन्हींत बसतो. फरक आतल्या मिठाचा. सलाइनची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, लिटरला 308 मिलिऑस्मोल, रक्ताची साधारण 285 ते 295, स्टराइल वॉटरची शून्य. नुसतं पाणी शिरेत गेलं की तांबड्या पेशी ते शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांतलं पोटॅशियम रक्तात उतरतं. लघवी लाल-काळपट होते, मूत्रपिंडावर ताण येतो, हृदयाची लय बिघडू शकते.

त्यामुळे आधी जागा ठरवा. मोठ्या पिशव्या वॉर्डात ठेवायच्याच नाहीत. फार्मसीत, सलाइनपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवायच्या. वॉर्डात त्या येतात बहुधा ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरसाठी, म्हणजे ऑक्सिजन दमट करणाऱ्या बाटलीसाठी. काम झालं की उरलेली पिशवी कुणीतरी आवरताना सलाइनच्या रॅकवर ठेवतं आणि रात्रपाळीत घाईत तीच हाताला लागते. ह्युमिडिफायरसाठी ओतायच्या झाकणाची, इरिगेशनची (धुण्यासाठीच्या पाण्याची) बाटली मागवा. तिला आयव्ही सेट लावता येत नाही. पावडरचं इंजेक्शन विरघळवायला 5 किंवा 10 मिलीचे अँप्यूल पुरतात.

साठवताना तापमान लेबलवर लिहिल्याप्रमाणे ठेवा, पाणी गोठू देऊ नका. खोकी जमिनीवर टेकवू नका, आणि जिची मुदत आधी संपते ती पुढे ठेवा. बाहेरचं आवरण वापरायच्या वेळीच फाडा. आत थोडा दमटपणा असतो, तो पुसून पिशवी मिनिटभर दाबून धरा. कुठून थेंब आला किंवा उजेडात धरल्यावर कण दिसले, तर पिशवी बाद.

या पाण्यात जंतुनाशक काही घातलेलं नसतं. पिशवीत सुई खुपसून ठेवायची आणि दिवसभर त्यातून पाणी ओढत राहायचं, ही सवय अनेक ठिकाणी दिसते आणि ती सरळसरळ चुकीची आहे. एका वेळी, एका रुग्णासाठी. उरेल ते टाकून द्या.

सोडियम वाढलेल्या रुग्णाला ‘फ्री वॉटर (मीठ नसलेलं पाणी) द्या’ असा आदेश आला, तर मार्ग विचारून लिहून घ्या. ते राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, द्यायचं पाणी असतं. शिरेतून द्यायचं असेल तर डॉक्टर 5 टक्के डेक्स्ट्रोज लिहितील. प्रोस्टेटच्या मोनोपोलर (विजेच्या तारेने कापायच्या) शस्त्रक्रियेतही उघड्या शिरांतून द्रव आत जातो, म्हणून तिथे धुवायला नुसत्या पाण्याऐवजी 1.5 टक्के ग्लायसीनचं द्रावण वापरतात.

चुकून शिरेत सुरू झालंच, तर क्लॅम्प लगेच बंद करा. नळीतलं पाणी फ्लश करून आत ढकलू नका, सेटच बदला. डॉक्टरांना बोलवा, ईसीजी लावा, सोडियम, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त पाठवा, लघवीचा रंग आणि प्रमाण नोंदवत राहा. पिशवी फेकू नका. किती मिली गेलं हे तिच्यावरूनच कळतं.