पायथॉनमधे इनपुट घेताय? आधी त्याचा आकडा करा

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलात की पहिले दोन शब्द प्रिंट आणि इनपुट. प्रिंट स्क्रीनवर दाखवतं, इनपुट तुम्हाला विचारून घेतं, बस. कोडमधे हे शब्द इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाईप करायचे, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय. आणि पायथॉन ३ च घ्या, २ चा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच बंद झाला, जुन्या व्हिडिओत प्रिंटला कंस दिसत नाही ते बघून तसंच टाईप केलंत तर एरर येणार.

आपण घरच्या दुधाचा हिशोब करू.

सकाळ = इनपुट("सकाळी किती लिटर? ")
संध्याकाळ = इनपुट("संध्याकाळी किती लिटर? ")
प्रिंट("एकूण", सकाळ + संध्याकाळ, "लिटर")

प्रश्नचिन्हानंतर स्पेस मुद्दाम सोडलीय, नाहीतर उत्तर प्रश्नाला चिकटतं. प्रिंटमधे स्वल्पविराम दिला की मधली स्पेस तो स्वतः टाकतो. आता रन करा, सकाळी २ आणि संध्याकाळी १ टाका. काय आलं? एकूण २१ लिटर!

इथे भलेभले अडकतात, कारण एरर काहीच येत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर येतं आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. कारण एकच, तुम्ही काहीही टाईप करा, इनपुट ते मजकूर म्हणूनच देतं, म्हणजे स्ट्रिंग, आणि दोन स्ट्रिंगमधे अधिक टाकलं की त्या एकापुढे एक जोडल्या जातात. म्हणून घेतानाच फ्लोट वापरून त्याचा दशांश चालणारा आकडा करून घ्या (फ्लोटही कोडमधे इंग्रजीतच टाईप करायचा):

सकाळ = फ्लोट(इनपुट("सकाळी किती लिटर? "))

दुसऱ्या ओळीलाही तेच. शेवटी दोन कंस बंद करायचे, एक इनपुटचा, एक फ्लोटचा, नवीन असताना हा दुसरा हमखास राहतो. पूर्ण आकडे असतील तिथे इंट चालतं, पण दूध अर्धा लिटर पण घेतात आणि इंटला ०.५ दिलं की व्हॅल्यूएरर, म्हणून फ्लोट.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सकाळ, संध्याकाळ ही व्हेरिएबलची, म्हणजे माहिती साठवायच्या जागांची, नावं पायथॉन ३ मधे खरोखर देवनागरीत चालतात. इनपुटला मराठी २ टाईप केलात तरी फ्लोटला तो बरोबर कळतो, उत्तर ३.० येतं, फक्त छापताना आकडे इंग्रजी दिसतात. थेट कोडमधे मात्र मराठी आकडा लिहू नका, तिथे सिंटॅक्स एरर मिळेल.